थर्झाच्या ऐरणीवरचं नाणं

माझा भाऊ एडविन आयुष्यभर शाळेची बस चालवत होता. इतकी वर्षं पाठीमागे पोरांचा गोंगाट ऐकून ऐकून त्याने स्वतः बोलायचंच सोडून दिलं, असं माझं मत आहे. त्याचं मत काय ते मला माहीत नाही, कारण तो सांगत नाही. निवृत्त झाल्यावर त्याने मेटल डिटेक्टर घेतला. कानाला हेडफोन, हातात यंत्र आणि समोर कापणी झालेलं रिकामं शेत. कुणाशी एक शब्द न बोलता अख्खा दिवस घालवायचा असेल तर इंग्लंडमधल्या आमच्या सफक परगण्यात याहून चांगला छंद नाही. त्याच्या मागोमाग मीही या नादाला लागले. पण मी बोलते. दोघांच्या वाटणीचं मीच बोलते.

दर रविवारी आम्ही थर्झा कटिंगच्या शेतावर जातो. थर्झा एकटी बाई, वय आमच्याच आसपास. नवरा गेल्यापासून जवाचं शेत आणि मेंढ्या ती एकटीच सांभाळते. बाईचा स्वभाव असा की मोडलेली वस्तू दिसली की तिच्या हाताला खाज सुटते. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते, तर बोलता बोलता तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, त्याची काडी घट्ट केली, परत नाकावर ठेवला आणि वाक्य पुरं केलं. तिच्या गोठ्यात एक मोठी बरणी आहे, त्यात नुसते सरळ केलेले जुने खिळे. नवे खिळे विकत आणणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत फार वाईट आहे.

संध्याकाळी शेतातून आलो की दिवसभरात जे काही सापडलं असेल ते ताटलीत घालून तिच्या टेबलावर ठेवायचं, ही रीत. आपण परक्याच्या जमिनीत खणतो, तेव्हा मालकिणीला सगळं दाखवायलाच हवं, आणि काही मोलाचं निघालं तर अर्धा वाटा तिचा, असा आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या मंडळाचा नियमच आहे. थर्झा ताटलीत बोट फिरवते, जुनी बटणं, शिशाच्या गोळ्या बाजूला सारते आणि म्हणते, "माझ्या ट्रॅक्टरचा तो बोल्ट मिळाला की नाही?" आणि एखादा बोल्ट खरोखरच असला, की तिचा चेहरा असा खुलतो, की पाहणाऱ्याला वाटावं राणीचा मुकुट सापडला. एडविन त्या चेहऱ्याकडे बघत बसतो. हे मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं. पण आमच्या घरात असल्या गोष्टी कुणी कुणाला विचारत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये, चहा ओतता ओतता, थर्झाने सांगून टाकलं, "मेंढ्यांचा सौदा झाला बरं का. जमीन शेजारचे कसायला घेतायत. सप्टेंबर संपला की मी स्कॉटलंडला, मुलीकडे. ती म्हणते, आई, तू तिथे एकटी काय करतेस? आता याला काय उत्तर द्यायचं?"

मी "अरे वा" म्हटलं, "थंडी असेल हो तिकडे" म्हटलं, लोक म्हणतात ते सगळं म्हटलं. एडविनने कप खाली ठेवला, उठला आणि यंत्र घेऊन पुन्हा शेतात गेला. हेडफोन टेबलावरच राहिला. मी त्याची थोरली बहीण आहे. हेडफोन विसरलेला एडविन म्हणजे काय, ते मला बरोबर कळतं.

दोन-तीन दिवसांनी मी त्याच्या घरी गेले, तर हा स्वयंपाकघरात दोन पकडी घेऊन बसलेला. टेबलावर सहा पेन्सची जुनी, चांदीची नाणी. एक वाकून अर्धवट, दुसरं चेपलेलं, तिसऱ्यावर पकडीचे दात उमटलेले.

"हे काय चाललंय?"

"काही नाही."

"एडविन, मला डोळे आहेत."

त्याचे कान लाल झाले. त्याच्याकडून एवढंच उत्तर येतं, आणि मला तेवढं पुरतं.

आमच्या छंदातल्या माणसाला असलं नाणं लांबूनही ओळखू येतं. पूर्वीच्या काळी आमच्याकडची पोरं चांदीचं नाणं घेत, त्याची एक कड वर आणि दुसरी खाली अशी वाकवत, की बाजूने पाहिलं तर ते नागमोडी दिसावं, आणि आवडत्या मुलीला नेऊन देत. वाकवलेलं नाणं बाजारात चालत नाही, म्हणजे ते फक्त तिचं. तिने ठेवून घेतलं तर होकार. नको असेल तर ती ते शेतात भिरकावून द्यायची. निदान आमच्यात तरी असंच सांगतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण इकडच्या शेतांत आमच्या मंडळातल्या लोकांना अशी नाणी सापडतातच. काय त्या पोरी! एकेकीने किती जणांचे चेहरे पाडले असतील, आणि त्यांच्या नकारांवर आज आमचे रविवार मजेत चाललेत.

"अरे, पण तुला तोंड आहे ना?" मी म्हटलं. "थर्झा, मला तू आवडतेस. संपलं! चार शब्द. त्यासाठी एवढी चांदी कशाला नासतोस?"

"बोलायला गेलो की होत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि हे बघून तिला कळेल."

"तिला कळेल?"

"इतकी वर्षं आपण तिच्याकडे जातो. कळेल."

इथे मी त्याला अडवायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण त्याने चौथं नाणं हातात घेतलं, जिभेचं टोक दातात धरून हलक्या हाताने वाकवलं, आणि ते इतकं सुरेख वाकलं की मलाच कुणीतरी ते द्यावं असं वाटलं. माझ्या नवऱ्याने मला लग्नाआधी सायकलचा पंप दिला होता.

रविवारी एडविनने ताटली टेबलावर ठेवली. त्यात बटणं, शिसं, एक बोल्ट, आणि बटणांच्या आड ते नाणं. हातात द्यायची हिंमत नव्हती, म्हणून शेतात सापडल्यासारखं ठेवलेलं. मी चहात साखर घालत होते. किती चमचे घातले ते विचारू नका.

थर्झाने आधी बोल्ट उचलला, उजेडात धरला, "हा माझा नाही" म्हणून परत ठेवला. मग तिचं बोट नाण्यावर थांबलं.

"हे काय?"

"सहा पेन्स," एडविन म्हणाला.

"ते दिसतंय. पण बिचारं पार वाकलंय की."

"हो."

तिने ते तळहातावर घेऊन दोन-तीनदा उलटंपालटं केलं. मग एडविनकडे बघून म्हणाली, "माझ्याकडे राहू दे का?"

एडविनच्या तोंडून आवाज फुटला तो फारच बारीक. "तुमच्यासाठीच आहे."

थर्झाने नाणं ॲप्रनच्या खिशात टाकलं. ठेवून घेतलं! घरी येताना एडविन गाडीत चक्क गुणगुणत होता. त्या आठवडाभरात त्याने गाडी धुतली, कुंपण रंगवलं, केस कापून आला. मी मात्र गुणगुणले नाही, कारण थर्झाचा आवाज मी ऐकला होता. होकार देणाऱ्या बाईचा तो आवाज नव्हता. गळका नळ दिसल्यावर तिचा जसा आवाज होतो, अगदी तसाच होता.

पुढच्या रविवारी आम्ही दारात पाय ठेवतोय न ठेवतोय तोच थर्झा हात पुसत पुढे आली.

"एडविन, हात करा पुढे. डोळे मिटा."

माझ्या भावाने डोळे मिटले. थर्झाने त्याच्या तळहातावर नाणं ठेवलं.

सपाट. ताटलीसारखं सपाट. वर पॉलिश मारून झगझगीत केलेलं.

"ऐरणीवर घेतलं आणि लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकलं," थर्झा आनंदाने सांगत होती. "आधी जरा तापवून घेतलं, नाहीतर चांदी तडकते. दोन संध्याकाळी गेल्या, पण बघा, कुठे वळ दिसतोय? नांगराखाली आलं असेल बिचारं. तुम्ही माझे इतके बोल्ट शोधून दिलेत, म्हटलं आपणही एकदा तुमचं काही नीट करून द्यावं."

एडविनने डोळे उघडले. "छान झालंय," तो म्हणाला. "आभारी आहे."

एवढं बोलून तो शेतात गेला आणि अंधार पडेपर्यंत त्याने एकही खड्डा खणला नाही. हेडफोन लावून नुसता इकडून तिकडे चालत होता.

परतताना माझा पारा चढला. "मी आत्ता गाडी वळवते आणि तिला सांगते. अगं बये, म्हणते, तू कशावर हातोडा चालवलास ते कळतंय का तुला?"

"नाही."

"अरे, पण तिला माहीतच नाही!"

"तिला सांगितल्यावर ती दयेपोटी हो म्हणेल. किंवा नाही म्हणायचा तिला त्रास होईल. नॉर्मा, तिला एक शब्द सांगायचा नाहीस. शपथ घे."

"कशाची?"

त्याने विचार केला. "तुझ्या लिंबाच्या केकची. सांगितलंस तर पुन्हा कधी करायचा नाही."

माझा लिंबाचा केक तीन गावांत प्रसिद्ध आहे. मी शपथ घेतली. पण गाडीतून उतरता उतरता मनाशी म्हटलं, बोलायचं नाही असं ठरलंय. बोलवायचं नाही असं काही ठरलेलं नाही.

दर महिन्याला आमच्या मंडळाची बैठक गावच्या हॉलमध्ये भरते. हिरव्या कापडाच्या टेबलावर सगळे आपापल्या वस्तू मांडतात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या वस्तूला एक छोटा करंडक मिळतो. तो एखाद्या शेतमालकाच्या हातून द्यायचा असतो. मी आमचे अध्यक्ष लायनेल थर्लो यांना फोन केला आणि म्हटलं, या वेळी थर्झा कटिंगला बोलवा, ती निघून चालली आहे, शेवटचा मान द्यायला हवा. आणि तुमच्या संग्रहातलं ते वाकवलेलं नाणं आणा हो, पाहुण्यांना दाखवायला बरं. लायनेलना कुणी काही दाखवायला सांगितलं की ते नाही म्हणूच शकत नाहीत.

एडविनला थर्झा दारात दिसली आणि तो तडक हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन कप विसळू लागला. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये चहा द्यायची मोठी खिडकी आहे, तेव्हा तो नजरेआड होता असंही नाही.

लायनेल विमा कंपनीत होते. मुद्द्यावर येणं हा त्यांच्या नोकरीचा भागच नव्हता. त्यांनी सुरुवात केली ती रोमन लोकांपासून. रोमनांची बकलं झाली, त्यांच्यानंतरच्या सॅक्सन लोकांची झाली, एका बकलावरून दोन जुन्या सभासदांचं भांडण झालं. मी खोकले. मग जोरात खोकले. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. शेवटी एकदाचं लायनेलनी ते नाणं उचललं.

"आणि हे, थर्झाबाई, माझं सर्वांत लाडकं. प्रेमाची खूण."

थर्झा पुढे वाकली. "वाकलंय की."

"वाकवलंय," लायनेल म्हणाले. "मुद्दाम. मुलाने मुलीसाठी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शेतात भिरकावण्यापर्यंत. मी थर्झाचा चेहरा पाहत होते. आधी त्यावर कुतूहल होतं, मग ते जागच्या जागी थिजलं.

"नांगराने असं होत नाही का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"छे! नांगराने वाकलं तर एकीकडूनच चेपतं. हे बघा, दोन्हीकडून सारखं. प्रेमात पडलेल्या माणसाचंच काम."

"आणि समजा, एखादीने ते ठेवलंही नाही आणि फेकलंही नाही. सरळ केलं. तर त्याचा अर्थ काय होतो?"

लायनेल बुचकळ्यात पडले. मग हसले. "सरळ केलं? थर्झाबाई, असला गाढवपणा कोण करेल?"

आत स्वयंपाकघरात एक कप खळकन फुटला.

थर्झाची मान, गाल, कपाळ, सगळं लालबुंद झालं. ती उठली, खुर्ची मागे सरकवली आणि हॉलबाहेर गेली. तिच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. झालं, मी मनात म्हटलं, गेली स्कॉटलंडला. करंडकही टेबलावरच राहिला.

एडविन खिडकीत येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "नॉर्मा, तू सांगितलंस?"

"केकची शपथ, मी अवाक्षर काढलं नाही."

"मग ती इथे कशी?"

याचं उत्तर द्यावं लागलं नाही, कारण दार पुन्हा उघडलं. थर्झा दोन पकडी घेऊन परत आली होती. लोकांच्या रांगांमधून ती थेट चहाच्या खिडकीपाशी गेली.

"एडविन, ते नाणं कुठे आहे?"

त्याने शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून नाणं. म्हणजे माझा हा वेडा भाऊ ते छातीशी घेऊन फिरत होता.

"मला वस्तू बिघडवायची सवय नाही," थर्झा म्हणाली. "बिघडवली असेल तर ती नीट करून द्यायची सवय आहे. धरा ही पकड. तिकडून तुम्ही वाकवा, इकडून मी वाकवते. हळू."

दोघांनी खिडकीच्या फळीवर कोपरं टेकली. हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. लायनेल तेवढे पुटपुटले, "एकदा वाकवून सरळ केलेली चांदी पुन्हा वाकवली तर..."

टक्.

नाण्याचे दोन तुकडे झाले. एक तिच्या पकडीत, एक त्याच्या.

थर्झा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. जिने बरणीभर खिळे सरळ केले, तिला या नाण्याला काय करावं ते कळेना. मग तिने पकड खाली ठेवली.

"मोडलं," ती म्हणाली. "आता याच्याकडून काही सांगून व्हायचं नाही. एडविन, तुम्हाला स्वतःच बोलावं लागेल."

एडविनने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्याच्या वाटणीचं मी बोलले, पण त्या क्षणी मी दात ओठांत रुतवून छताकडे बघायला लागले. लायनेलनी तोंड उघडलं तेव्हा मी शेजारच्या बशीतला केक उचलून त्यांच्या हातात कोंबला.

"जाऊ नका," एडविन म्हणाला.

"का?"

एडविनने हातातली पकड फळीवर ठेवली. बसमध्ये चढणारी पिढ्यान् पिढ्यांची पोरं त्याला गप्प एडविन म्हणायची, त्यांतली दोघं-तिघं आता मोठी होऊन मंडळाचे सभासद म्हणून तिथेच बसली होती आणि श्वास रोखून ऐकत होती.

"तुमच्या शेतात काही नाही," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला. रोमन नाहीत, सॅक्सन नाहीत, कुणी नाही. यांना सगळ्यांना विचारा, अशा शेतात कुणी दुसऱ्यांदा जात नाही. मी दर रविवारी येतो. मला... संध्याकाळी तुमच्या टेबलाशी बसायला मिळतं म्हणून येतो. तुम्ही गेलात तर मी रविवारी कुठे जाऊ? आणि बाकीच्या दिवशी तरी कुठे जाऊ?"

एडविन एवढं सलग बोललेला मी कधीच ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला पाणी आणून देणाऱ्या माणसाने या वेळी रुमाल दिला.

थर्झाही नाक ओढत होती, पण चिडलेली. "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? माझ्या मेंढ्या विकून झाल्या! आणि सांगायचं तर सांगायचं, तेही बटणांच्या आडून? मी मेंढपाळ बाई, मला काय माहीत पूर्वीची पोरं काय काय वाकवायची!"

"चुकलं," एडविन म्हणाला.

"चुकलंच." तिने आपल्या हातातला तुकडा बोटांत फिरवला. "शेतात सापडल्याचं तुम्ही मला भासवलंत ना? मग तुमच्या मंडळाच्या नियमाने अर्धा वाटा मालकिणीचा." आणि तिने तो तुकडा खिशात टाकला.

एडविनला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने आपला तुकडा रुमालात गुंडाळायचा प्रयत्न केला आणि त्याच्या हातून रुमाल तीनदा पडला.

लायनेलना आता राहवेना. केक गिळून ते उठले. "पूर्वी जोडपी नाणं मोडून अर्धं अर्धंही ठेवायची बरं का, म्हणजे एका परीने पाहिलं तर..."

"लायनेल, खाली बसा," थर्झा म्हणाली, आणि ते बसले. मग तिने करंडक उचलला, टेबलावर कुणाचं काय मांडलंय ते न बघताच जवळच्या सभासदाच्या हातात दिला, आणि मोबाईल घेऊन ओसरीत गेली. दार तिने सताड उघडं ठेवलं.

"हॅलो, मॉर्विना? अगं, आई बोलतेय. ऐक, मी येत नाही. ... नाही, पाय मोडला नाही. ... नाही गं, मेंढ्या गेल्या त्या गेल्या, दुसऱ्या घेता येतील. ... एक माणूस आहे."

आत सगळे टेबलावरच्या बकलांकडे बघत असल्यासारखं करत होते. एडविन फुटलेल्या कपाचे तुकडे हातात घेऊन खिडकीत उभा होता.

"माझ्याच वयाचा. ... नाही, आत्ताच बोलला. ... हो, मलाही आवडतो. केव्हापासून काय विचारतेस, रविवार आला की मी सकाळपासून घर आवरते, ते काय बोल्टांसाठी? ... अगं, हळू कशाला बोलू? आतच उभा आहे तो. ऐकू दे की, म्हणून तर दार उघडं ठेवलंय."